ओपीडीतला रोजचा प्रश्न संशोधनापर्यंत कसा पोहोचतो

बीपीच्या गोळ्या लोक मध्येच का सोडतात? साध्या सर्दी-खोकल्यालाही अँटिबायोटिक का लिहिलं जातं? सलाईन लावल्याशिवाय काही पेशंटचं समाधान का होत नाही? चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर, कुठल्याही गावच्या फॅमिली डॉक्टरला हे प्रश्न रोज पडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पडतात, उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि आशाताईलाही पडतात. ओपीडी संपली की बहुतेक वेळा ते तिथेच विरून जातात. असा एखादा प्रश्न हाती धरून त्याचं उत्तर शिस्तीत कसं शोधतात, ते आपण एकेक पायरी करत पाहू. त्यासाठी आपण डॉक्टर असायला हवं असं नाही. उद्या आपल्या दारात कुणी सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन आलं, तरी ही माहिती कामाला येईल.

प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे दुखलं-खुपलं की माणूस सर्वांत आधी जिथे जातो ती सेवा. त्यात गल्लीतला जनरल प्रॅक्टिशनर आला, सरकारी उपकेंद्र आलं, प्राथमिक आरोग्य केंद्र आलं. आजारांचं बहुतांश ओझं इथेच उचललं जातं. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या माहितीवरून एक हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घेतली तर महिन्याभरात सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणं होतं, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत फक्त एक जण पोहोचतो. वैद्यकाचं शिक्षण आणि संशोधन मात्र त्या एका पेशंटभोवतीच फिरत राहिलं. बाकीच्या 249 जणांचं काय होतं, हे शोधायचं तर लहान दवाखान्यातच शोधावं लागतं.

आपल्या खान्देशात असं काम पूर्वी झालेलं आहे. डॉ. नोशिर अंतिया यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेतर्फे रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात घरोघरी आजारपणाचा खर्च विचारला. त्याचा अहवाल 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी पडल्यावर लोक प्रामुख्याने खासगी डॉक्टरकडे जातात आणि खर्चाचा मोठा भार घरच्याच खिशावर पडतो, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊकच होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. धोरण ठरवणाऱ्यांपुढे मोजलेलंच टिकतं.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न लहान करणं. ‘लोक औषधं नीट का घेत नाहीत?’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही, ती तक्रार झाली. तिला असं रूप देता येईल: ‘आमच्या केंद्रात नोंदवलेल्या, तीस वर्षांवरच्या बीपीच्या पेशंटपैकी किती जण सलग तीन महिने गोळ्या न्यायला आले नाहीत, आणि त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण काय?’ आता कोण, कुठले, किती काळ आणि काय मोजायचं, हे सगळं एका वाक्यात आलं. या लेखात पुढे आपण हाच प्रश्न उदाहरण म्हणून धरू.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रश्नातच उत्तर कोंबणं. ‘अज्ञानामुळे किती जण गोळ्या सोडतात?’ असं विचारलं की अज्ञान आधीच ठरून गेलं. मग गोळ्या संपल्या होत्या का, केंद्र बंद होतं का, मजुरी बुडत होती का, हे कुणी विचारतच नाही.

लहान प्रश्नाची ताकद किती असते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामात दिसतं. 1970 च्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या: उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी बदलली, फुप्फुसात पाणी कधी साठलं. त्या नोंदींतून विषाचा शरीरातला क्रम उलगडला. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचं काम छापलं आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. प्रश्न नेमका होता आणि वही अपुरी ठेवलेली नव्हती.

दुसरी पायरी लवकर आटोपते: हा प्रश्न आधी कुणी सोडवला आहे का, ते पाहणं. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात जावं. अनेक डॉक्टर अजून त्याला पीएसएमच म्हणतात. समाजाच्या पातळीवर आजार कसे पसरतात आणि कसे रोखायचे, हा त्या विभागाचा विषय. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात 2018 पासून शासकीय महाविद्यालय आहे, शिवाय दोन्ही शहरांत खासगी महाविद्यालयंही आहेत. तिथल्या शिक्षकांना गावातून आलेला प्रश्न हवाच असतो. संकोच करू नये.

तिसरी पायरी आपल्याच टेबलावर असते. ती म्हणजे रजिस्टर. नवीन फॉर्म छापण्याआधी मागच्या वर्षाचं रजिस्टर उघडून बीपीच्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवत खाली या. 120/80, 130/80, 140/90, 120/80, 110/70. पानभर शेवटचा आकडा शून्यच. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटचा आकडा 0, 2, 4, 6 किंवा 8 यांपैकी काहीही येऊ शकतो. खरं मोजमाप झालं असेल तर शून्य साधारण पाचातून एकदा दिसावं. ते दहापैकी नऊ वेळा दिसत असेल तर आकडे मोजलेले नाहीत, अंदाजाने लिहिलेले आहेत. अशा रजिस्टरवर संशोधन उभं करता येत नाही. पण हे पानच एक शोध आहे: आधी मोजायला शिकायला हवं, एवढं ते स्पष्ट सांगतं.

म्हणून बीपी कसं मोजतात ते एकदा नीट पाहून ठेवू. पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. दंडाचा घेर मोठा असेल तर पट्टाही मोठा हवा, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. मोजताना बोलायचं नाही, त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. गर्दीच्या ओपीडीत हे सगळ्यांसाठी जमत नाही, हे मान्य. पण ज्यांचा आकडा संशोधनात धरायचा त्यांच्यासाठी तरी जमवावंच लागतं.

चौथी पायरी म्हणजे कुणाला विचारायचं हे ठरवणं. यालाच नमुना निवडणं म्हणतात: सगळ्यांना विचारणं शक्य नसतं, म्हणून थोड्यांना निवडायचं, पण असे की त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलता यावं. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात आलेले पहिले पन्नास पेशंट घेतले तर मिळतात ते चालू शकणारे, वेळ असलेले आणि गाडीने येणारे. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत गाव एका ठिकाणी आणि पाडे डोंगरात विखुरलेले असतात. सर्वेक्षण करणारा डांबरी रस्त्यालगतची घरं करून परततो आणि नेमकी गरजू घरं सुटतात. उपाय असा: बीपीच्या पेशंटची संपूर्ण यादी आधी करायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढायची. चिठ्ठीत लांबच्या पाड्यावरचं नाव निघालं तर तिथे जायचंच. जवळचं नाव बदली घ्यायचं नाही.

किती जण घ्यायचे याचाही हिशेब आहे. सामुदायिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी वापरतात तो सोपा मार्ग असा. साधारण निम्मे लोक गोळ्या सोडत असतील असा अंदाज धरला. मग 4 गुणिले 50 गुणिले 50 करायचं आणि किती टक्क्यांची चूक चालेल त्याच्या वर्गाने भागायचं. दहा टक्क्यांची चूक चालणार असेल तर 10,000 भागिले 100, म्हणजे 100 माणसं. पाच टक्क्यांचीच चालणार असेल तर 10,000 भागिले 25, म्हणजे 400. अचूकता दुप्पट हवी तर माणसं चौपट लागतात. चिठ्ठ्या पेशंटच्या न टाकता गावांच्या टाकल्या आणि त्या गावांतले सगळे घेतले, तर संख्या आणखी वाढवावी लागते, कारण एका गावातली माणसं बरीचशी सारखी असतात. हे गणित महाविद्यालयातल्या संख्याशास्त्रज्ञाकडून आधी तपासून घ्यावं. माहिती गोळा झाल्यावर विचारलं तर तो काहीच करू शकत नाही.

पाचवी पायरी परवानगीची. माणसांवरच्या कोणत्याही संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. या अभ्यासाने कुणाचं नुकसान होणार नाही ना, हे तपासणारी ही स्वतंत्र समिती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यात 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असतो आणि डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असतो. स्वतःची समिती नसलेल्या खासगी डॉक्टरला महाविद्यालयाच्या समितीकडे विचारणा करता येते. ‘आम्ही तर नुसते प्रश्नच विचारणार’ म्हणून ही पायरी गाळू नये. मंजुरी मागाहून मिळत नाही.

त्यानंतर पेशंटची संमती. माहिती समजून, कुठल्याही दबावाविना दिलेला होकार म्हणजे संमती. नुसती सही किंवा अंगठा म्हणजे संमती नव्हे. सर्वांत मोठी अडचण अशी की ज्या डॉक्टरसाहेबांनी घरातल्या तीन पिढ्यांना औषध दिलं, ते समोर बसून विचारत असतील तर ‘नाही’ म्हणणार कोण? म्हणून विचारणारी व्यक्ती उपचार करणारी नसावी. नकार दिला तरी गोळ्या नेहमीसारख्याच मिळतील, हे आधी सांगावं. वाचता न येणाऱ्याला कागद वाचून दाखवावा आणि ज्याचा या कामाशी संबंध नाही असा साक्षीदार बाजूला असावा. पेशंटचं नाव आणि उत्तरं एका कागदावर ठेवू नयेत. फॉर्मवर क्रमांक असावा आणि नावाची यादी कुलपात. केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची सवय आता सर्रास झाली आहे. संशोधनात ती अजिबात चालत नाही, आणि खरं तर दवाखान्यातही चालू नये.

सहावी पायरी फॉर्मची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. गणितातली चूक पुन्हा दुरुस्त करता येते, पण चुकीचं विचारलेलं उत्तर परत मिळत नाही. ‘गेल्या नव्वद दिवसांत आपण किती दिवस औषध चुकवलं?’ याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. खान्देशात माणसं दिवस तारखांनी लक्षात ठेवत नाहीत. आखाजीच्या आधी की नंतर, कानबाईला घरी होतात का, पोळ्याच्या वेळी गोळ्या होत्या का, असं विचारलं की आठवण जागेवर येते. घरात अहिराणी बोलली जात असेल तर प्रश्नही अहिराणीतच विचारावा. पावरा किंवा भिल्ल वस्तीत तिथलीच व्यक्ती सोबत घ्यावी. फॉर्म आधी दहा-बारा घरांत विचारून पाहावा. याला पूर्वचाचणी म्हणतात. अडखळणारे प्रश्न तिथे लगेच कळतात.

वेळही पाहावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला गेलं तर घराला कुलूप असतं किंवा ओट्यावर म्हातारी सासू बसलेली असते. ‘सून घेते ना गोळ्या, रोज घेते,’ ती सांगते. फॉर्म भरला जातो, उत्तर मात्र सुनेचं नसतं. संध्याकाळी साडेसहानंतर गेलं, तर जिच्या गोळ्या आहेत तीच भेटते. मग सासूचं उत्तर आणि सुनेचं उत्तर यांतला फरक कळतो.

लोक सांगतात ते आणि प्रत्यक्ष करतात ते, यांतलं अंतर डॉक्टरांच्या बाबतीतही असतं. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांना क्षयाच्या पेशंटसाठी औषधयोजना लिहायला सांगितली. 1991 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात 80 वेगवेगळ्या योजना निघाल्या. वीस वर्षांनी, 2010 मध्ये, झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तोच प्रश्न विचारला. 106 डॉक्टरांनी 63 प्रकारच्या योजना लिहिल्या आणि फक्त 6 जणांची योजना बरोबर होती. पुढे संशोधकांनी आणखी एक पद्धत वापरली: ठरावीक लक्षणं सांगायला शिकवलेली माणसं पेशंट म्हणून दवाखान्यात पाठवायची. 2018 मध्ये छापलेल्या मुंबई आणि पाटण्यातल्या अशा अभ्यासात सुमारे एक तृतीयांश भेटींतच क्षयाचा संशय धरून योग्य ते पाऊल उचललं गेलं होतं. हे डॉक्टरांना दोष देण्यासाठी सांगत नाही. कागदावर विचारलेल्या प्रश्नाची मर्यादा लक्षात यावी म्हणून सांगतो.

सातवी पायरी म्हणजे न भेटलेल्यांचा शोध. समजा यादीत शंभर नावं होती आणि भेटली साठ. त्या साठांवर टक्केवारी काढून मोकळं होण्याचा मोह होतो. पण चाळीसगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली असतात, साक्रीकडची मजुरीसाठी गुजरातेत असतात. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे ‘औषध सोडले’ असा शेरा पडतो. प्रत्यक्षात त्यांनी ते तिकडे विकत घेतलं असेल, किंवा जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या मागितल्या असतील आणि मिळाल्या नसतील. या दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला फोनवरून विचारणा पुरते, दुसऱ्याला जादा गोळ्यांची सोय लागते. म्हणून न भेटलेल्या चाळीस जणांचं कारण शेजारी, आशाताई, फोन, जसं मिळेल तसं नोंदवावं आणि तेही अहवालात छापावं. न भेटलेलेच अनेकदा खरं उत्तर असतात.

आठवी पायरी तुलनेची. समजा जानेवारीत आपण गोळ्या घरपोच द्यायची नवी पद्धत सुरू केली आणि मे महिन्यात सगळ्यांचं बीपी पुन्हा मोजलं. आकडे खाली आलेले दिसतील आणि पद्धत यशस्वी झाली असं वाटेल. पण रक्तदाब थंडीत चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. भुसावळ-जळगावच्या 45 अंशांच्या उन्हात तो आपल्या पद्धतीशिवायही थोडा उतरलाच असता. हे ओळखायचं तर ज्या गावांत पद्धत बदललेली नाही, तिथलंही बीपी त्याच दिवसांत मोजायला हवं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत हेच केलं. 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत दिली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेतल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ती 47 गावं नसती तर हा आकडा कुणी मानला नसता.

ऋतूचा हाच प्रश्न मोठ्या अभ्यासांनाही लागू पडतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी 1 फेब्रुवारी 2011 या एका दिवशी देशातल्या 880 शहरांत आणि गावांत 7,400 डॉक्टरांकडून त्या दिवशी आलेल्या दोन लाखांहून अधिक पेशंटची नोंद घेतली. निम्म्याहून अधिक जणांना श्वसनाच्या तक्रारी होत्या आणि ताप हे सर्वांत जास्त दिसलेलं लक्षण होतं. साध्या दवाखान्यांतून एवढं चित्र उभं करणं हे मोलाचंच काम आहे. पण ते फेब्रुवारीतलं चित्र आहे. पाऊस ओसरल्यावर डास वाढतात, पाणी गढूळ होतं, तेव्हा धुळ्याची ओपीडी निराळी दिसेल. म्हणून एक दिवसाची मोजणी करायचीच असेल तर वर्षातून तीनदा करावी: उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात.

आकडे मांडण्याबद्दल थोडक्यात सांगतो. टक्केवारी लिहिताना एकूण किती जणांपैकी, हे कंसात लिहावं. ‘60 टक्के’ म्हणजे पाचांपैकी तीनही असू शकतात. आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं लिहू नये.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात: ज्यांनी उत्तरं दिली त्यांना निष्कर्ष सांगणं. शोधनिबंध छापला जातो, पदवी मिळते, आणि ज्या बाईने संध्याकाळी चूल थांबवून अर्धा तास दिला तिला काहीच कळत नाही. पुढच्या वेळी ती दार उघडत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. निष्कर्ष ग्रामसभेत किंवा उपकेंद्रात, आठ-दहा सोप्या वाक्यांत सांगता येतात. ‘आपल्याकडचे एवढे जण गोळ्या सोडतात, बहुतेकांचं कारण असं आहे, म्हणून यापुढे ऊसतोडीला जाणाऱ्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या देण्याची मागणी आम्ही केली आहे.’ एवढं पुरतं.

आपण डॉक्टर असाल तर या महिन्याचं रजिस्टर उघडा आणि बीपीच्या रकान्यातले शून्य मोजा. आपण पेशंट असाल आणि कुणी फॉर्म घेऊन आलं, तर तीन गोष्टी विचारा: कोणत्या समितीने परवानगी दिली, माझं नाव कुठे राहील, आणि निष्कर्ष आम्हाला कधी व कुठे सांगणार. तिसऱ्या उत्तरातली तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी जाऊन विचारा.